एक रंग, अनेक दृष्टी : वर्णदृष्टीच्या शोधाचा इतिहास

हळद पिवळी, कुंकू लाल, कडुनिंबाचे पान हिरवे. लहानपणी शिकलेल्या या गोष्टींविषयी पुढे आयुष्यभर आपल्या मनात शंका येत नाही. शेजारी बसलेला माणूसही हळदीला पिवळीच म्हणतो. त्यामुळे त्याला आणि आपल्याला एकच रंग दिसत असला पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. परंतु या गृहीतकाला आधार कोणता, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणे अवघड जाते. त्याला दिसणारा पिवळा आणि मला दिसणारा पिवळा शेजारी ठेवून पाहण्याची सोय कोणापाशीच नाही. दोघांचा शब्द एक आहे, एवढेच काय ते आपल्याला ठाऊक असते.

इंग्लंडमधील तत्त्वचिंतक जॉन लॉक यांनी १६९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हीच शंका मांडली होती. एकाला झेंडूचे फूल पाहून जी संवेदना होते तीच दुसऱ्याला जांभळे फूल पाहून होत असेल, आणि याच्या उलटही असेल, तर ते दोघांना कधी तरी कळेल काय? लॉक यांच्या मते कळणार नाही, कारण दोघेही झेंडूला जन्मभर एकाच नावाने ओळखतील आणि व्यवहारात कोठेही अडणार नाहीत. पुढील शंभर वर्षे हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या चर्चेपुरताच राहिला. त्याला प्रत्यक्ष पुराव्याची जोड मिळाली ती मोची, शाळामास्तर, आगगाडीचे नोकर आणि लोकरीच्या लडी यांच्यामुळे. सर्व माणसे रंग आणि वास्तव सारखेच पाहतात काय, या प्रश्नाचा हा इतिहास उद्‌बोधक आहे. अनेकान्ताचा संस्कार लाभलेल्या आपल्या समाजाला त्यात विशेष रस वाटावा, म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने तो थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मोची हॅरिस आणि शास्त्रज्ञ डाल्टन

इंग्लंडच्या वायव्येस कंबरलँड परगण्यात मेरीपोर्ट नावाचे बंदर आहे. तेथे अठराव्या शतकात हॅरिस नावाचा एक मोची राहत असे. तो चार वर्षांचा असताना त्याला रस्त्यात एका मुलाचा पायमोजा सापडला. तो परत करण्यासाठी तो जवळच्या घरी गेला, तेव्हा लोक त्या मोज्याला 'लाल मोजा' म्हणत आहेत हे त्याच्या ध्यानात आले. नुसता 'मोजा' म्हटल्याने काम भागत असताना 'लाल' हा शब्द कशासाठी, हे त्याला उमगेना. पुढे चेरीच्या झाडाखाली इतर मुले फळे लांबूनच ओळखीत, त्याला मात्र पाने आणि फळे यांतील भेद आकारावरूनच कळे. इतरांना वस्तूत असे काही दिसते जे आपल्याला दिसत नाही, हे त्याला असे हळूहळू समजले. त्याच्या भावांपैकी काहींचीही हीच अवस्था होती. जोसेफ हडार्ट यांनी ही हकीकत पत्राने जोसेफ प्रीस्टले यांना कळविली आणि १७७७ मध्ये ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली.

याच कंबरलँडमध्ये १७६६ साली जॉन डाल्टन यांचा जन्म झाला. शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला ते अणुसिद्धान्तामुळे परिचित आहेत. वयाची पंचविशी उलटेपर्यंत आपल्या दृष्टीत काही वेगळेपण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. रंगांच्या नावांत लोक गोंधळ करतात, एवढेच त्यांना वाटे. १७९२ साली त्यांनी जिरेनियमचे एक गुलाबी फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले. दिवसा आकाशी दिसणारे ते फूल आता त्यांना तांबडे दिसू लागले. मित्रांना विचारले तर कोणालाच असा बदल जाणवत नव्हता. जाणवला तो फक्त त्यांच्या सख्ख्या भावाला.

३१ ऑक्टोबर १७९४ रोजी मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढे डाल्टन यांनी या विषयावर निबंध वाचला. इतरांना वर्णपटात सहा-सात रंग दिसतात, आपल्याला दोन, फार तर तीन, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे नोंदविले. झाडाचे हिरवे पान आणि पत्रावर मोहोर उठविण्याची तांबडी लाख यांचा रंग त्यांना जवळजवळ एकच भासे. स्वतःच्या दृष्टीतील उणीव विद्वानांच्या सभेत अभ्यासाचा विषय म्हणून मांडणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. या निबंधामुळे रंगांधत्वाला कित्येक युरोपीय भाषांत 'डाल्टनिझम' हे नाव मिळाले.

आपल्या डोळ्यातील पारदर्शक द्रवाला निळसर छटा असावी आणि तो तांबडा प्रकाश अडवीत असावा, असा डाल्टन यांचा तर्क होता. मृत्यूनंतर आपले डोळे तपासून त्याची शहानिशा करावी, असे त्यांनी सांगून ठेवले. २७ जुलै १८४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वैद्य जोसेफ रॅन्सम यांनी एका डोळ्यातील द्रव काचेच्या तबकडीत काढून पाहिला, तर तो स्वच्छ आणि वर्णहीन होता. दुसऱ्या डोळ्याच्या मागच्या बाजूस छेद घेऊन त्यांनी त्यातून तांबड्या व हिरव्या वस्तू पाहिल्या. दोन्ही वेगळ्या दिसल्या. डाल्टन यांचा तर्क चुकीचा ठरला, परंतु तो पडताळून पाहण्याची व्यवस्था त्यांनी स्वतःच केली होती. त्या डोळ्यांचे अवशेष मँचेस्टरच्या मंडळाने जपून ठेवले. सुमारे दीडशे वर्षांनी त्यांतील जनुकीय द्रव्याची तपासणी झाली आणि १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे द्रव्य निर्माण करणारे जनुकच डाल्टन यांच्या ठायी नव्हते.

सिग्नलचा दिवा

रंग वेगळा दिसणे ही व्यक्तिगत विचित्रता आहे, असे समजून समाजाने या शोधाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. आगगाडी आल्यानंतर मात्र परिस्थिती पालटली. दिवसा सिग्नलच्या हाताची स्थिती पाहून चालकाला अर्थ कळू शकतो. रात्री मात्र अंधारात लांबवर एक दिवा दिसतो आणि शेकडो प्रवाशांचे प्राण तो दिवा तांबडा आहे की हिरवा यावर अवलंबून असतात. एडिंबरोचे जॉर्ज विल्सन यांनी एक हजाराहून अधिक लोकांची तपासणी केली आणि १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या धोक्याचा स्पष्ट इशारा दिला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१८७५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात १४ आणि १५ तारखांच्या दरम्यानच्या रात्री स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. ९ जण मृत्युमुखी पडले. चालकाला सिग्नलचा रंग ओळखता आला नसावा, अशी शंका उप्साला विद्यापीठातील शरीरशास्त्राचे प्राध्यापक फ्रिथियोफ होल्मग्रेन यांना आली. पुढील वर्षी त्यांनी उप्साला ते येव्ले या लोहमार्गावरील २६६ कर्मचाऱ्यांची दृष्टी तपासली. त्यांतील १३ जण रंगांध निघाले. हे सर्व वर्षानुवर्षे नोकरी करीत होते आणि त्यांतील कित्येकांची उणीव ना वरिष्ठांना ठाऊक होती ना त्यांना स्वतःला. यानंतर स्वीडनमध्ये आणि पुढे अन्य देशांत रेल्वे व जहाजांवरील नोकरांची रंगदृष्टी तपासणे सक्तीचे झाले. लागरलुंडाचा अपघात खरोखर रंगांधत्वामुळेच झाला काय, याविषयी अलीकडच्या संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासून शंका व्यक्त केली आहे. अपघाताचे कारण काहीही असो, २६६ जणांत १३ जण रंगांध आढळले ही वस्तुस्थिती मात्र कायम राहते.

होल्मग्रेन यांची तपासणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. त्यांनी कोणालाही रंगाचे नाव विचारले नाही. मेजावर लोकरीच्या अनेक रंगांच्या लडींचा ढीग असे. फिकट हिरव्या रंगाची एक लड पुढे ठेवून, तिच्याशी मिळत्याजुळत्या सर्व लडी निवडण्यास ते सांगत. ज्याची दृष्टी सर्वसाधारण असे तो हिरव्या छटा वेचीत असे. रंगांध मनुष्य त्यांबरोबर करड्या, पिवळसर तपकिरी किंवा गुलाबी लडीही निःशंकपणे उचली. नाव विचारले असते तर हाच मनुष्य अनुभवाने शिकलेले शब्द वापरून कदाचित निभावून गेला असता. गवताला हिरवे आणि विटेला तांबडे म्हणायचे हे त्याला पाठ असते. लॉक यांनी वर्णिलेली शब्दांची भिंत लोकरीच्या लडींनी निदान काही अंशी ओलांडली. दोन माणसे एकच शब्द वापरतात म्हणून त्यांची दृष्टी एक ठरत नाही. त्यांना कोणता भेद जाणवतो आणि कोणता जाणवत नाही हे पाहिल्यावरच अंतर उघड होते.

पुढे जपानमधील नेत्रवैद्य शिनोबु इशिहारा यांनी रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळात अंक लपविलेल्या पट्ट्या तयार केल्या आणि १९१७ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. सैन्यभरतीसाठी बनविलेली ही चाचणी आज जगभर वापरली जाते. आपल्याकडेही रेल्वेचालकांसारख्या पदांच्या वैद्यकीय तपासणीत उमेदवारापुढे हेच ठिपक्यांचे पुस्तक येते.

डोळ्याच्या आत

या भेदाचे कारण काय? थॉमस यंग यांनी १८०२ साली असे सुचविले होते की दृष्टिपटलावर प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र यंत्रणा नसून मोजक्या तीनच प्रकारच्या यंत्रणा असाव्यात आणि त्यांच्या कमी-अधिक प्रतिसादातून सर्व रंगांची जाणीव होत असावी. डाल्टन यांच्यात त्यांपैकी एक प्रकार नसावा, असेही त्यांनी १८०७ मध्ये म्हटले. त्यांनी तांबड्याचा अभाव मानला होता, प्रत्यक्षात अभाव निघाला हिरव्याचा. तरी विचाराची दिशा बरोबर होती. हेल्महोल्ट्झ आणि मॅक्सवेल यांनी हा सिद्धान्त पुढे नेला. तीन रंगांच्या गाळण्यांतून घेतलेली छायाचित्रे एकावर एक टाकून मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडनला रंगीत छायाचित्र दाखविले. आजचा दूरदर्शन संच आणि मोबाइलचा पडदा याच तीन रंगांच्या तत्त्वावर चालतात.

आज आपल्याला ठाऊक आहे की दृष्टिपटलावर शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकी दोहोंची जनुके एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी शेजारी असतात. जेरेमी नेथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती शोधून काढली. पुरुषाला एक्स गुणसूत्र एकच आणि तेही आईकडून मिळते. त्यामुळे रंगांधत्व पुरुषांत अधिक आढळते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का आहे. आशियाई लोकांत ते काहीसे कमी आढळते.

याहून महत्त्वाची गोष्ट १९९२ मध्ये उजेडात आली. ज्यांची दृष्टी निर्दोष समजली जाते त्यांच्यातही तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणारे द्रव्य सर्वांचे एकसारखे नसते. त्याच्या घडणीतील एका सूक्ष्म फरकामुळे दोन निरोगी माणसांना तांबड्याची छटा किंचित निराळी जाणवते. म्हणजे डोळस आणि रंगांध असे दोन तट पाडून हा विषय संपत नाही. डोळस मंडळींतही थोडाफार दृष्टिभेद आहेच.

तसेच उणीव ही सर्व बाजूंनी उणीवच असते असेही नाही. पानाफुलांच्या रंगीबेरंगी नक्षीत दडविलेला आकार सर्वसाधारण दृष्टीच्या माणसापेक्षा रंगांध माणसाला काही वेळा अधिक चटकन ओळखता येतो, असे प्रयोगांत आढळले आहे. रंगांच्या गलबल्यात त्याचे लक्ष विचलित होत नाही.

शब्दांचे रंग

डोळ्यांतील भेदाबरोबर दुसरा भेद भाषेतील आहे. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८५८ साली ग्रीक महाकवी होमर याच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. होमरच्या काव्यात समुद्राला मद्याची उपमा येते, मध हिरवा होतो आणि निळ्या रंगाला निश्चित शब्द आढळत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. जर्मनीतील लाझारूस गायगर यांनी १८६७ मध्ये हीच गोष्ट आपल्या वेदांविषयीही मांडली. आकाशाचे वर्णन पुष्कळ, पण निळेपणाचा उल्लेख नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यावरून प्राचीन लोकांच्या डोळ्यांची वाढच पुरी झाली नव्हती, असा सिद्धान्त काहींनी मांडला.

हा सिद्धान्त टिकला नाही. होमरच्या आधी हजारो वर्षे इजिप्तचे कारागीर निळा रंग बनवीत होते. आपल्या देशातील निळीची ख्याती तर अशी की तिच्या युरोपीय नावातच हिंदुस्थानचे नाव दडले आहे. अजिंठ्याच्या चित्रांत दूरच्या बदक्शानातून आलेल्या मौल्यवान निळ्या दगडाची पूड वापरलेली आहे आणि पंधराव्या शतकातील कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांत तोच निळा रंग सोन्याच्या शाईबरोबर शोभतो. इंग्रज वैद्य रिव्हर्स यांनी १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळील टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवर आणि १९०१-०२ मध्ये निलगिरीतील तोडा लोकांत दृष्टीच्या चाचण्या घेतल्या. भाषेत शब्द नसला म्हणजे डोळ्याला भेद दिसत नाही असे नव्हे, हे अशा अभ्यासांतून पुढे स्पष्ट होत गेले.

तथापि शब्दांचा परिणाम अगदीच नाही असेही म्हणता येत नाही. अमेरिकेतील बर्लिन आणि के यांनी १९६९ मध्ये ९८ भाषांची माहिती एकत्र करून दाखविले की काही भाषांत मूलभूत रंगनामे दोनच, तर काहींत अकरापर्यंत असतात. रशियन भाषेत गडद निळा आणि फिकट निळा यांना दोन स्वतंत्र मूलभूत नावे आहेत. रशियन भाषकांना या दोन छटांतील भेद थोडा अधिक जलद ओळखता येतो, असे २००७ मधील एका प्रयोगात आढळले. आपल्या मराठीत हिरवा आणि पोपटी, निळा आणि आकाशी, भगवा, केशरी आणि नारिंगी असे भेद आपण सहज करतो. साडीच्या दुकानात तर मोरपंखी, रामा आणि शेवाळी यांवर घरातील स्त्रियांचे एकमत झाल्यावाचून खरेदी होत नाही.

आपल्या परंपरेतील एक उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. तीर्थंकरांच्या देहवर्णाच्या परंपरागत वर्णनांत भगवान पार्श्वनाथांचा वर्ण एका परंपरेत 'नील' तर दुसऱ्या परंपरेत 'हरित' असा सांगितला आहे. आजच्या वाचकाला निळा आणि हिरवा हे दोन वेगळे रंग वाटतात आणि यात विसंगती आहे की काय असा प्रश्न पडतो. परंतु प्राचीन भाषांत 'नील' या शब्दाची व्याप्ती आजच्यापेक्षा मोठी होती. गडद निळ्यापासून श्यामवर्णापर्यंत आणि कित्येकदा गडद हिरव्यापर्यंत तो पोचत असे. मोराचा कंठ, तमालवृक्ष, मेघ यांना 'नील' म्हणताना कवींना अडचण वाटत नसे. म्हणून शब्द भिन्न दिसताच श्रद्धेचा विषयही भिन्न आहे असे मानण्याची घाई करू नये. शब्दांची मर्यादा पाहून मगच निर्णय करावा.

एकच वस्त्र, दोन रंग

२०१५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात स्कॉटलंडमधील एका विवाहाच्या निमित्ताने काढलेले एका वस्त्राचे छायाचित्र जगभर पसरले. काहींना ते वस्त्र निळे-काळे दिसे, काहींना पांढरे-सोनेरी. पती-पत्नी, आई-मुलगी एकाच पडद्यावर एकाच क्षणी पाहत असूनही परस्परविरोधी रंग सांगत होते. यांपैकी बहुतेकांचे डोळे निरोगी होते. प्रत्यक्षातील वस्त्र निळे-काळे होते.

संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण असे. डोळ्यात येणारा प्रकाश दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक वस्तूचा पृष्ठभाग आणि दुसरी तिच्यावर पडलेला उजेड. पांढरे धोतर सकाळच्या उन्हात, सायंकाळच्या पिवळ्या प्रकाशात आणि नळीच्या दिव्याखाली निरनिराळा प्रकाश परावर्तित करते, तरी आपण त्याला पांढरेच म्हणतो. कारण मेंदू उजेडाचा अंदाज करून तो वजा करीत असतो. त्या छायाचित्रात उजेड कोणता हे स्पष्ट नव्हते. ज्यांच्या मेंदूने निळसर सावली गृहीत धरली त्यांना वस्त्र पांढरे-सोनेरी दिसले, ज्यांनी पिवळसर उजेड गृहीत धरला त्यांना निळे-काळे. पाहण्याच्या क्रियेतच निर्णय सामावलेला असतो आणि तो निर्णय केल्याचे पाहणाऱ्याला कळतही नाही.

अनेकान्ताच्या प्रकाशात

आधुनिक विज्ञानाचे शोध आपल्या ग्रंथांत आधीच होते असा दावा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तशा दाव्याने ग्रंथांचे महत्त्व वाढत नाही आणि विज्ञानाचेही नाही. तथापि आपल्या आचार्यांनी ज्ञानाची जी चिकित्सा केली तिच्याशी या इतिहासाचे जे नाते दिसते ते नोंदविणे उचित ठरेल. मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे त्यांनी सांगितले. काही तरी आहे अशी प्रथम जाण, मग विशेष जाणण्याची इच्छा, मग निश्चय आणि शेवटी स्मरणात धारण. 'दिसले' आणि 'ठरविले' या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, हे येथे स्पष्ट होते. शिवाय प्रत्येक जीवाचा क्षयोपशम समान नसतो, म्हणून इंद्रियज्ञानात तरतमभाव राहणारच, हेही आपल्याकडे मानलेले आहे.

एका मुद्द्यावर मात्र मतभेद आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. न्यूटन यांनी १७०४ च्या आपल्या ग्रंथात म्हटले की किरण स्वतः रंगीत नसतात, विशिष्ट रंगाची संवेदना जागविण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते. जैन दर्शन मात्र वर्ण हा पुद्गलाचाच गुण मानते. कृष्ण, नील, रक्त, पीत व शुक्ल असे त्याचे पाच प्रकार असून प्रत्येकाचे एकगुणापासून अनंतगुणापर्यंत भेद सांगितले आहेत. रंग वस्तूत की पाहणाऱ्यात, हा वाद तत्त्वज्ञानात अद्याप मिटलेला नाही. दोन्ही पक्षांना एवढे मात्र मान्य व्हावे की पाहणारा बदलला म्हणून वस्तू नाहीशी होत नाही. डाल्टन यांना पान आणि लाख एकाच रंगाची दिसली तरी पान पानच राहिले आणि लाख लाखच.

हत्ती आणि अंध पुरुषांचा दृष्टान्त आपण बालपणापासून ऐकतो. त्यात एक डोळस मनुष्य असतो. तो हत्ती पूर्ण पाहतो आणि इतरांचा वाद मिटवितो. दृष्टान्त ऐकताना आपण नकळत त्या डोळस माणसाच्या जागी उभे राहतो. रंगाच्या इतिहासाने ही सोय आपल्यापासून काढून घेतली आहे. ज्याला आपण सर्वसाधारण दृष्टी म्हणतो तीही मर्यादितच आहे. मधमाशीला फुलावरील अतिनील प्रकाशाच्या खुणा दिसतात, आपल्याला दिसत नाहीत. आपल्या परंपरेत संपूर्ण ज्ञान केवळ केवलींचे. इतर आपण सर्व त्या हत्तीभोवती उभे असलेल्यांपैकीच आहोत.

याचा अर्थ 'ज्याला जसे दिसेल ते त्याचे सत्य' असा करणे हीदेखील चूक आहे. त्या वस्त्राचा खरा रंग शोधता आला. सिग्नलचा दिवा तांबडा होता की हिरवा याला निश्चित उत्तर असते आणि ते चुकले तर माणसे मरतात. अनेकान्त म्हणजे सर्वच खरे असा गुळमुळीतपणा नव्हे. प्रत्येक नयाला त्याच्या मर्यादेत मान द्यावा आणि तोच संपूर्ण आहे असा आग्रह धरला की तो दुर्नय होतो, असे आचार्य सांगतात. होल्मग्रेन यांनी ना कर्मचाऱ्यांना खोटे ठरविले, ना सर्वांचे म्हणणे तसेच मान्य केले. त्यांनी लडी पुढे ठेवल्या आणि ताडून पाहिले.

आजचे कर्तव्य

हा विषय केवळ चिंतनाचा नाही. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडीपर्यंत पोचलेल्या एका उमेदवाराला रंगांधत्वामुळे प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण न्यायालयात गेले. १२ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रंगांध विद्यार्थ्यांना संस्थेच्या सर्व अभ्यासक्रमांना प्रवेश मिळाला पाहिजे. एखादी मर्यादा सहकाऱ्यांच्या साहाय्याने ओलांडता येत असेल तर तिच्यासाठी दार बंद करू नये, हा त्यामागील विचार होता. केंद्र शासनानेही जून २०२० मध्ये नियमांत बदल करून सौम्य व मध्यम स्वरूपाचे रंगांधत्व असणाऱ्यांना वाहन चालविण्याचा परवाना मिळण्याची वाट मोकळी केली. तीव्र रंगांधत्वाला ही सवलत नाही. रेल्वेचालकाच्या बाबतीतही निकष कडक आहेत आणि ते तसे असणेच योग्य. जेथे इतरांचे प्राण पणाला लागतात तेथे नियम कठोर असावा, जेथे लागत नाहीत तेथे उदार असावा. हा विवेक समाजाने राखला पाहिजे.

आपल्या कुटुंबांतही अशी मुले असू शकतात. झाडाची पाने तपकिरी रंगविणारा, नकाशातील रंग ओळखताना चाचरणारा मुलगा आळशी किंवा निष्काळजी ठरविला जातो. भावंडे त्याला हसतात. त्याला स्वतःलाही कारण ठाऊक नसते, कारण इतरांना निराळे दिसते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुढे विशी ओलांडल्यावर नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत तो अपात्र ठरतो तेव्हा घरच्यांना प्रथम ही गोष्ट कळते. अभ्यासाची वर्षे तोपर्यंत निघून गेलेली असतात. हे दुःख टाळणे अवघड नाही. ठिपक्यांच्या पट्ट्यांची चाचणी काही मिनिटांत होते आणि तिला फारसा खर्च येत नाही. समाजाच्या वतीने नेत्रतपासणी शिबिरे भरविली जातात तेव्हा शालेय मुलांची, विशेषतः मुलग्यांची, रंगदृष्टी तपासण्याची सोय त्यात अवश्य करावी. ज्यांच्यात उणीव आढळेल त्यांच्या शिक्षकांना सांगावे, म्हणजे फळ्यावरील तांबड्या-हिरव्या खडूंचा भेद त्यांच्यासाठी अडसर ठरणार नाही. व्यवसायाची दिशाही त्यांना वेळीच निवडता येईल.

मोची हॅरिसपासून आजपर्यंतच्या या दोन-अडीच शतकांच्या इतिहासात प्रत्येक पाऊल तेव्हाच पुढे पडले, जेव्हा कोणी तरी 'तुला काय दिसते?' असे दुसऱ्याला मनापासून विचारले आणि उत्तर आपल्यापेक्षा निराळे आले तरी ते नीट ऐकून घेतले. वाणीतील अहिंसेची सुरुवातही याच प्रश्नापासून होते. घरात, संघात आणि समाजात मतभेद होतील तेव्हा निवाड्याआधी हा प्रश्न एकदा विचारण्याची सवय लागली, तर अनेकान्त हे तत्त्व ग्रंथाबरोबर आपल्या आचरणातही नांदेल.